वृत्तपत्राला कोणाला दुखवणे परवडत नाही?

'दर्पण'चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 रोजी निघाला, म्हणून त्या तारखेला आपल्याकडे पत्रकार दिन साजरा होतो. गेली काही वर्षे सांगली-सातारा भागात त्या निमित्ताने होणाऱ्या व्याख्यानांत आणि परिसंवादांत एक वाद ठरल्यासारखा रंगतो : प्रसारमाध्यमे राजकीयदृष्ट्या पक्षपाती आहेत का? सभागृहातील निम्मे लोक 'गोदी मीडिया' म्हणून टाळ्या घेतात, उरलेले निम्मे माध्यमे वर्षानुवर्षे डाव्यांच्या आणि काँग्रेसच्या ताब्यात होती असे सांगून त्या टाळ्या परतवतात, आणि दोन तासांनी प्रत्येक जण आपले आधीचेच मत अधिक घट्ट करून घरी जातो. हा वाद चुकीच्या जागी उभा राहून घातला जात आहे, असे मला वाटते. पक्षपात आहे, तो गंभीर आहे आणि त्याबद्दल संतापण्याचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. परंतु आपल्या वृत्तपत्रांचे आणि वाहिन्यांचे मूळ दुखणे विचारसरणीचे नसून अवलंबित्वाचे आहे. ज्याच्या पैशावर, परवानगीवर किंवा मर्जीवर अंक निघतो त्याच्याविषयी गप्प बसणे, हा आपल्याकडच्या पक्षपाताचा सर्वांत रुळलेला प्रकार आहे. आणि तो छापून आलेल्या बातमीपेक्षा छापून न आलेल्या बातमीत अधिक दिसतो.

आधी या वादाची रीत कशी फसवी आहे ते पाहू. माध्यमे पक्षपाती असल्याचा पुरावा म्हणून आपण बहुतेक वेळा स्वतःला आलेला राग पुढे करतो. 1982 साली बैरूतमध्ये निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झाले. त्याच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांनी तेच चित्रण पाहिले आणि दोघांनीही ते आपल्या विरोधात झुकलेले आहे असे सांगितले. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा अर्थ माध्यमे निर्दोष आहेत असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की आपला राग हे मोजमाप म्हणून कामाचा नाही. एखाद्या मोर्चाच्या बातमीत गर्दीचा आकडा कमी छापला म्हणून मोर्चेकरी चिडतात आणि तो जास्त छापला म्हणून सत्ताधारी चिडतात, तेव्हा दोघांच्या चिडण्यातून त्या बातमीदाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मग दुसरे मोजमाप कोणते? मत असणे आणि मिंधे असणे या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या, तर ते सापडू शकते.

मराठी वृत्तपत्रे मुळातच मतांची वृत्तपत्रे होती. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी काढलेला 'दीनबंधु' सत्यशोधकांचा होता आणि तो ते लपवीत नव्हता. 1881 मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी पटेना तेव्हा ते बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. 1920 मध्ये आंबेडकरांनी शाहू महाराजांच्या मदतीने 'मूकनायक' काढला तेव्हा पत्र कोणाच्या बाजूचे आहे हे त्याचे नावच सांगत होते. यांतील कोणत्याही पत्राला आज आपण ज्या अर्थाने 'निःपक्ष' म्हणतो तसे म्हणता येणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. वाचकाला पत्राची बाजू ठाऊक होती. त्या बाजूसह तो मजकूर तोलून घेत होता, आणि पटले नाही तर दुसऱ्या बाजूचे पत्र वाचत होता. तेव्हा पक्ष असणे हा दोष असेल, तर मराठी पत्रकारितेचा निम्माअधिक गौरवशाली इतिहास आपल्याला फेकून द्यावा लागेल.

त्या काळातही दोष होते, मात्र ते वेगळ्या ठिकाणी होते, आणि दोन प्रसंगांवरून ते स्पष्ट होतात. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे या कळकळीने 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर आणि पत्रे छापली. ती पत्रे बनावट निघाली, आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्यांची बाजू प्रामाणिक होती, हेतू स्वच्छ होता; चूक पडताळणीत झाली होती. या खटल्यात टिळक-आगरकरांसाठी जामीन दिला तो सत्यशोधक समाजाच्या रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने. ज्यांच्याशी मतांचे वैर होते त्यांच्यासाठी फुल्यांची माणसे उभी राहिली, ही गोष्ट ज्या सातारा जिल्ह्यातील कटगुण हे फुल्यांचे मूळ गाव आहे तेथे तरी विसरली जाऊ नये. दुसरा प्रसंग 1920 चा. 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे आंबेडकरांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे. पहिल्या प्रसंगात छापलेले चुकले होते, आणि कोर्टामुळे ती चूक चारचौघांत उघडी पडली. दुसऱ्या प्रसंगात काही छापलेच गेले नाही. ज्याची जाहिरात नाकारली त्याच्याजवळ स्वतःचे पत्र आणि स्वतःची लेखणी होती म्हणूनच ते आपल्याला आज कळते. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांच्याबाबत काय काय छापले गेले नसेल?

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो. कोणी म्हणेल, अवलंबित्वाची भाषा करून तुम्ही उघड दिसणाऱ्या राजकीय पक्षपातावर पांघरूण घालत आहात. वृत्तवाहिन्यांवर रात्रंदिवस काय चालते ते दिसत नाही का? दिसते, आणि त्यातील काही तर न्यायालयांच्या निकालपत्रांत नोंदले गेले आहे. 2020 मध्ये तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांविरुद्धचे गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, या लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला असे म्हटले. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वार्तांकनाबद्दल त्याच न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये माध्यमांच्या समांतर खटल्यांवर कठोर शब्दांत बोट ठेवले. एखाद्या समाजाला महिनोन्महिने साथीचे कारण ठरवणे हा लहान दोष नाही. त्याची किंमत भाजी विकणाऱ्या, फळांची गाडी लावणाऱ्या माणसांनी आपल्याही गावांत मोजली. हे सारे मी मान्य करतो, आणि सौम्य करून मान्य करीत नाही.

परंतु या पक्षपाताचे मूळ विचारसरणीत असेल, तर सत्ता बदलल्यावरही तो तसाच टिकायला हवा. ज्याची श्रद्धा असते तो आपल्या बाजूचे सरकार पडल्यावर अधिक त्वेषाने लिहितो. ज्याची गरज असते तो नव्या सरकारकडे वळतो. ही कसोटी लावून पाहावी. 25 जून 1975 ला आणीबाणी आली आणि देशातील बहुसंख्य मोठी वृत्तपत्रे बघता बघता मऊ पडली. त्यांच्या संपादकांना एका रात्रीत इंदिरा गांधींचे विचार पटले होते काय? सेन्सॉरचा शिक्का, कागदाचा कोटा आणि सरकारी जाहिराती या तीन दोऱ्या सरकारच्या हातात होत्या, एवढेच त्याचे कारण. मार्च 1977 मध्ये निकाल लागले आणि तीच पत्रे तितक्याच सहजतेने उलट्या बाजूने बोलू लागली. ज्यांनी त्या काळात विरोध केला, ते 'इंडियन एक्सप्रेस' असो की 'साधना' साप्ताहिक, त्यांनी दोऱ्या तुटण्याची किंमत सोसण्याची तयारी ठेवली होती. आपल्या भागापुरते बोलायचे तर आणीबाणीतच, 1975 च्या डिसेंबरात, कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रातले मंत्री होते, आणि अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी त्याच व्यासपीठावर लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांविरुद्ध आवाज उठवला. पुढे त्यांना अटकही झाली. दुर्गाबाईंजवळ कोणते वेगळे राजकारण होते म्हणून त्या बोलू शकल्या असे मला वाटत नाही. त्यांचा कागदाचा कोटा कोणाच्या हातात नव्हता.

आजचेही तसेच पाहता येते. नोव्हेंबर 2019 आणि जून 2022 अशा तीन वर्षांच्या आत महाराष्ट्रात सरकारे दोनदा बदलली. ज्याला शंका असेल त्याने ग्रंथालयात जाऊन आपल्या नेहमीच्या दैनिकाचे त्या दोन्ही बदलांच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिन्यांचे अंक काढावेत, पानभर सरकारी जाहिराती मोजाव्यात आणि अग्रलेखांचा सूर त्यांच्याशेजारी ठेवून वाचावा. राष्ट्रीय वाहिन्यांच्या मालकीकडे पाहिले तर चित्र अधिकच स्पष्ट होते. 2014 मध्ये 'नेटवर्क18' रिलायन्सच्या ताब्यात गेले. डिसेंबर 2022 मध्ये 'एनडीटीव्ही' अदानी समूहाकडे गेली आणि त्या सुमारास तिचा सर्वांत परिचित चेहरा, रवीश कुमार, राजीनामा देऊन बाहेर पडला. ज्या समूहांचा मुख्य धंदा दूरसंचार, तेल, बंदरे, विमानतळ आणि वीज यांचा आहे, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक प्रकल्पाला सरकारची मान्यता लागते, त्यांची वृत्तवाहिनी दिल्लीत कोणाचेही सरकार असले तरी त्याला दुखवील, अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करायची? मराठीतही मालकी आणि राजकारण यांची गाठ जुनी आहे. 'सामना' हे पक्षाचे मुखपत्र आहे आणि तसे ते सांगते. 'लोकमत' दैनिकाचे संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते. 'सकाळ' पवार कुटुंबाकडे आहे. या मालकीत बेकायदा काही नाही. मुखपत्राबाबत वाचकाची फसवणूक होत नाही, हेही मी आवर्जून सांगेन. फसवणूक होते ती स्वतंत्र म्हणवून घेणाऱ्या अंकातील मौनामुळे.

ते मौन जिल्ह्याच्या पानावर कसे तयार होते? तालुक्याचा वार्ताहर, ज्याच्या बातमीवर आपले जिल्हा पान उभे असते, तो बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला तुटपुंजे मानधन मिळते आणि त्याची खरी कमाई तो जमवून आणील त्या जाहिरातींच्या कमिशनवर असते. जाहिराती कोण देते? साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था, बांधकाम व्यावसायिक. आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीत 'शुभेच्छुक' म्हणून झळकणारे कार्यकर्ते व ठेकेदार. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत यांतील बहुतेक संस्थांच्या मुळाशी तीच दहा-पंधरा घराणी आहेत, मग ती आज कोणत्याही पक्षात असोत. ज्या कारखान्याची जाहिरात दिवाळी अंकाला, वर्धापनदिनाला आणि गळीत हंगामाच्या शुभारंभाला मिळवायची, त्याच कारखान्याच्या वजनकाट्याबद्दल लिहायचे, हे त्या माणसाने कसे करावे? ऊस नियंत्रण आदेश 1966 चा आहे. तोडणीनंतर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान रास्त दर, द्यावी आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज द्यावे, असे तो सांगतो. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा 2022 चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये रद्द केला. शेतकरी संघटनांनी रस्ता अडवला की त्याची बातमी येते, छायाचित्रही येते. मात्र कोणत्या कारखान्याने किती दिवस उशीर केला, त्यावरचे व्याज किती झाले आणि ते कोणाला मिळाले, असा तक्ता दर हंगामात जिल्हा पानावर ठळकपणे का छापला जात नाही? माहिती साखर आयुक्तालयाकडे असते. ऊस उत्पादक हाच या पानाचा सर्वांत मोठा वाचकवर्ग आहे. या मौनात डावे-उजवे कोठेच नाही. पक्ष बदललेल्या अध्यक्षाबाबतही ते तसेच टिकते, कारण जाहिरात पक्ष देत नाही, कारखाना देतो.

या वार्ताहराला दोष देणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांनी तेथील प्रस्तावित रिफायनरीच्या समर्थकाबद्दल बातमी दिली आणि त्यानंतर गाडीखाली चिरडून त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच अटक झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 2017 सालीच झाला होता. मोठ्या शहरातील संपादकाला मिळणारे संरक्षण गावातील बातमीदाराला नसते. ज्याच्याविरुद्ध लिहायचे तो माणूस त्याला रोज एस.टी. स्टँडवर भेटतो.

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण मला आपल्या पुराच्या बातम्यांत दिसते. 2005, 2019, 2021 : तीन महापुरांनी सांगलीला आणि कृष्णाकाठच्या गावांना बुडवले. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पुढे गेले, जेव्हा धोक्याची पातळी 45 फूट आहे. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. त्या दिवसांत आपल्या बातमीदारांनी कंबरभर पाण्यात उभे राहून काम केले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. प्रश्न पाणी ओसरल्यानंतरच्या महिन्यांचा आहे. दरवर्षी पावसाळा आला की आपली पाने आलमट्टीने भरतात : कर्नाटक पाणी सोडत नाही, धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा घाट घातला आहे, आपले सरकार झोपले आहे. आलमट्टीचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. उंची वाढवण्याला विरोध झालाच पाहिजे, आणि धरणामुळे नदीत मागे तुंबणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या, परिणामाबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य सरकारच्याच समितीने 2020 मध्ये दिलेल्या अहवालात 2019 च्या पुराचे खापर आलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातील अडथळे आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांच्याकडे लक्ष वेधले. सांगलीतील अनेक कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. तो वाद चालू राहू द्यावा. माझा प्रश्न वेगळा आहे : अहवालाच्या पहिल्या अर्ध्यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी दुसऱ्या अर्ध्यावर का झाली नाही? निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, कोणाची बांधकामे उभी राहिली, नाले कोणी बुजवले, परवानग्या कोणत्या वर्षी आणि कोणत्या सभेत दिल्या गेल्या, याची गट क्रमांकानिशी मालिका दोन पावसाळे सलग चालवावी इतका हा विषय मोठा आहे. आलमट्टीबद्दल लिहिताना ज्याला राग येईल तो बंगळुरूमध्ये बसलेला असतो आणि तो सांगली आवृत्तीला जाहिरात देत नाही. पूररेषेबद्दल लिहिताना ज्याला राग येईल त्याची नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात त्याच अंकाच्या पहिल्या पानावर असते. हे मी कोणत्याही एका पत्राबद्दल म्हणत नाही. परिस्थितीच अशी रचली गेली आहे की कोणतेही पत्र त्याच बाजूला घसरेल.

त्यात आवृत्त्यांच्या तुकड्यांची भर पडते. कोयना धरण पाटण तालुक्यात, म्हणजे साताऱ्याच्या पानावर. तिचे 105 टीएमसीचे पाणी ज्यांच्या दारात येते ते पलूस, वाळवा, मिरज तालुके सांगलीच्या पानावर. पूर्वी दोन्हींचा एकच सातारा जिल्हा होता, 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. नदीने ही विभागणी मान्य केलेली नाही. छपाईच्या सोयीसाठी पानाचे तुकडे केले, की धरणातील विसर्गाच्या निर्णयाबद्दल प्रश्न विचारणारा आणि त्या निर्णयाचे परिणाम भोगणारा यांची भेटच होत नाही. याला कोणी पक्षपात म्हणणार नाही, तरी त्याचा फायदा निर्णय घेणाऱ्यालाच होतो.

विरुद्ध बाजूचा दुसरा मुद्दा मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो माझ्या मांडणीत सहज बसत नाही. जाहिरात आणि मालकी बाजूला ठेवली तरी बातमी निवडणारा माणूस कोणत्या घरातून आला आहे याचा परिणाम होतोच. 2006 साली दिल्लीतील माध्यमसंस्थांमधील 315 वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली, तेव्हा त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत दलित कुटुंबाचे हत्याकांड घडले, आणि दलित कार्यकर्ते व संघटना रस्त्यावर उतरेपर्यंत त्याचे खरे स्वरूप मोठ्या माध्यमांनी गांभीर्याने घेतले नाही. तेथे कोणाची जाहिरात आड आली होती? कोणाचीच नाही. त्या पाड्यावरचे जग बातमी ठरवणाऱ्यांच्या नजरेच्या बाहेर होते, इतकेच. हे मी पूर्णपणे मान्य करतो. कोयनेने उठवलेली गावे आणि त्यांचे अजून रखडलेले पुनर्वसन पानाच्या कोपऱ्यात जाते, किंवा आटपाडीच्या पाणी परिषदेत दुष्काळी तालुके वर्षानुवर्षे जे मांडत आले ते कार्यक्रमाच्या बातमीपलीकडे जात नाही, तेव्हा दोन्ही कारणे एकत्र काम करतात : ही माणसे संपादकाच्या ओळखीची नाहीत आणि ती जाहिरातदाराला हवी असलेली गिऱ्हाइकेही नाहीत. म्हणून वृत्तसंपादकांच्या खोलीत वेगवेगळ्या जातींची, तालुक्यांची माणसे आणि स्त्रिया असाव्यात ही मागणी न्याय्य आहे, आणि 'निःपक्षपाती व्हा' या उपदेशापेक्षा ती कितीतरी उपयोगाची आहे. एवढेच म्हणेन की अशा माणसालाही उद्या जाहिरातीचे टार्गेट दिले, तर तो आपल्या वस्तीची बातमी देऊ शकेल, पण कारखान्याची देऊ शकणार नाही.

तिसरा आक्षेप वाचकावर येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. 2010 मध्ये दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी तेथील दैनिकांचा अभ्यास करून असे दाखवले की वृत्तपत्राचा राजकीय कल त्याच्या मालकापेक्षा त्याच्या वाचकांच्या कलाशी अधिक जुळतो. म्हणजे लोकांना हवे तेच पत्रे देतात. हा मुद्दा सपशेल नाकारता येत नाही. वाहिन्यांवरचा आरडाओरडा पाहणारे आपणच आहोत. पण आपल्याकडे वाचक हा खरोखर गिऱ्हाईक आहे का? कागद, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांचा खर्च अंकाच्या किमतीतून भरून निघत नाही, ही या धंद्यातील सर्वज्ञात गोष्ट आहे. 1954 च्या पहिल्या प्रेस आयोगाने पाने आणि किंमत यांचे प्रमाण ठरवण्याची शिफारस केली होती, म्हणजे मोठ्या भांडवलाच्या पत्रांनी स्वस्त दरात जाडजूड अंक देऊन लहानांना संपवू नये. 1960 मध्ये सरकारने तसा आदेश काढला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. किती पाने छापावीत हे सरकारने सांगू नये, हा निकाल बरोबरच होता, आणि आणीबाणीनंतर तर तो अधिकच बरोबर वाटतो. मात्र त्याच निकालात हेही मान्य झालेले आहे की जाहिराती घटल्या आणि किंमत वाढली तर पत्राचा खप आणि जीवच धोक्यात येतो. अमेरिकी वाचक पत्राला आपल्याकडे ओढतो असे धरले, तरी ज्याच्याकडून खर्चाचा लहान हिस्साच येतो त्या आपल्या वाचकाची ओढ कितीशी असणार? 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात 'पेड न्यूज' उघडकीस आली आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल तयार केला, तेव्हा त्यातील सर्वांत भयंकर गोष्ट हीच होती : एकाच अंकात परस्परविरोधी उमेदवारांच्या विजयाची भाकिते बातमीच्या रूपात छापली जात होती. विचारसरणीचा पक्षपाती असे कधीच करणार नाही. दर भरेल त्याचे छापणारेच असे करू शकते.

समाजमाध्यमांनी हा प्रश्न सोडवला आहे असे मानणाऱ्यांना मला थोडक्यात उत्तर द्यावेसे वाटते. काही तरुण आपल्या मोबाईलवरून, कोणाच्याही पगाराविना, चांगल्या स्थानिक बातम्या देत आहेत; त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु तालुक्यातालुक्यातील बहुतेक पोर्टल आणि चॅनेलही वाढदिवस, उद्घाटने आणि 'शुभेच्छुक' यांच्यावरच चालतात, आणि त्यांना संपादक नावाची अडवणूकही नसते. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीत एका आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव पेटला, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. जे छापण्याआधी कोणीतरी शहानिशा करते असे माध्यम त्या रात्री जिल्ह्याला किती हवे होते, हे तेथील लोकांना विचारावे.

म्हणून पुढच्या परिसंवादात माध्यमे कोणत्या पक्षाची आहेत हा प्रश्न बाजूला ठेवून, या पत्राला कोणाला दुखवणे परवडत नाही हा प्रश्न विचारला जावा अशी माझी मागणी आहे. त्याचे उत्तर कागदावर मिळू शकते. 1956 च्या नियमांनुसार प्रत्येक वृत्तपत्राला फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालक, प्रकाशक आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेले भागीदार यांची नावे छापावी लागत. आपल्यापैकी किती जणांनी तो बारीक टाइपातील मजकूर कधी वाचला? त्याच्याशेजारी आणखी एक रकाना हवा : गेल्या वर्षी सरकारकडून, महापालिकेकडून आणि सहकारी संस्थांकडून किती रकमेच्या जाहिराती मिळाल्या. सरकारी जाहिरातींचा पत्रनिहाय खर्च माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार मागण्याची वाट न पाहता जिल्हा माहिती कार्यालयाने दर तिमाहीस जाहीर करावा. आणि साखर कारखान्यांच्या बाबतीत तर हा अधिकार सभासदांच्या हातात आहेच. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल घरी येतो. त्यात जाहिरात आणि प्रसिद्धीवरील खर्च एका एकत्रित आकड्यात दडलेला असतो. तो कोणत्या पत्राला, कोणत्या पुरवणीसाठी, कोणाच्या वाढदिवशी किती दिला गेला, याची फोड ज्याचा ऊस त्या काट्यावर जातो त्या सभासदाने सभेत उभे राहून लेखी मागावी, आणि ती मिळेपर्यंत त्या विषयाला 'मंजूर, मंजूर' म्हणू नये.